ट्रिटियमचं घड्याळ : उजेड किती, मोल किती

ट्रिटियमचं घड्याळ नव्यानं घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा एकच असते : फोटोत दिसत होतं तेवढं हे चमकत नाही. दहा-बारा वर्षांनी तेच घड्याळ विकायला काढलं की दुसरी तक्रार येते : एवढे पैसे मोजले होते, आता कुणी निम्मेही द्यायला तयार नाही. दोन्ही वेळा घड्याळात काही बिघडलेलं नसतं. त्यातला उजेड मुळातच मंद असतो आणि तबकडीवरची ट्रिटियम वायूची नळी सीलबंद झाल्या दिवसापासून तो उतरायला लागलेला असतो. ही एक गोष्ट घेणाऱ्याला आधी नीट सांगितली, तर पुढचे निम्मे गैरसमज उभेच राहणार नाहीत.

तबकडी भिंगाखाली धरा. प्रत्येक तासाच्या खुणेवर काचेची एक नळी बसवलेली दिसेल. तांदळाच्या कणीएवढी, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली. दिवसा ती पांढुरकी किंवा फिकट पिवळसर दिसते आणि नजरेत भरत नाही. काट्यांवरही अशाच पण लांबट नळ्या असतात. बाराच्या खुणेवरची नळी बऱ्याच मॉडेलांत नारिंगी ठेवतात, म्हणजे काळोखात घड्याळ उलटं धरलंय की सुलटं ते कळतं. नळीला आतून फॉस्फरचा, म्हणजे बहुधा झिंक सल्फाइडचा थर दिलेला असतो आणि पोकळीत ट्रिटियम वायू भरलेला असतो.

ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनच, पण त्याच्या अणुकेंद्रात दोन न्यूट्रॉन जास्तीचे असतात. हा अणू टिकाऊ नाही. तो एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो आणि हेलियम-३ होऊन जातो. तो इलेक्ट्रॉन, म्हणजेच बीटा कण, भिंतीवरच्या फॉस्फरला धडकतो आणि फॉस्फर उजळतो. सेल नाही, बटण नाही, ऊन नाही. जगातल्या बहुतेक नामांकित घड्याळांतल्या अशा नळ्या स्वित्झर्लंडमधल्या बर्नजवळच्या नीडरवांगेन गावी, एमबी-मायक्रोटेक या कंपनीत तयार होतात. ट्रेझर हा तिचा स्वतःचा ब्रँड. लुमिनॉक्स, बॉल, मॅरेथॉन अशा कंपन्याही याच प्रकारच्या नळ्या वापरतात.

गैरसमज : फोटोत असतं तसं मनगटावर चमकतं

नाही चमकत. जाहिरातीतला फोटो काढताना कॅमेऱ्याचं शटर काही सेकंद उघडं ठेवलेलं असतं. तेवढ्या वेळात कॅमेरा जितका उजेड साठवतो तितका आपला डोळा साठवू शकत नाही. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली किंवा संध्याकाळच्या रस्त्यावर ट्रिटियम दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. सिनेमागृहात दिसतं. मध्यरात्री जाग आली की मात्र इतकं स्वच्छ दिसतं की हाच का तो मंद उजेड, असा प्रश्न पडावा.

फरक डोळ्यात असतो. काळोखाला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. तोवर दृष्टिपटलातल्या शंकू पेशींचं काम संपून दंड पेशींचं सुरू झालेलं असतं. या दंड पेशी निळसर हिरव्या प्रकाशाला सगळ्यात जास्त संवेदनशील, लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या. हिरव्या नळ्या सगळ्यात उजळ वाटतात त्याचं हे मोठं कारण. निळ्या त्याहून मंद, लाल तर शोधावी लागते. दुकानात रंग निवडताना देखणेपणावर भुलून सगळी निळी किंवा लाल तबकडी घेणाऱ्यांना नंतर वाईट वाटतं. रात्री वेळ बघण्यासाठीच घड्याळ हवं असेल, तर हिरव्याला पर्याय नाही.

आणखी एक. काळोखात घड्याळाकडे थेट न बघता नजर थोडी बाजूला ठेवून बघा. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंड पेशी नसतात, त्या सभोवती असतात. कडेनं बघितलं की तेच आकडे ठळक होतात. आकाशातला अंधुक तारा बघणारे हौशी खगोलनिरीक्षक हेच करतात.

गैरसमज : ट्रिटियम सुपर-ल्युमिनोव्हाहून उजळ असतं

पहिल्या तासाभरात नेमकं उलट असतं. सुपर-ल्युमिनोव्हा, सीकोचा ल्युमिब्राइट वगैरे रंग स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटवर आधारलेले असतात. जपानच्या नेमोटो कंपनीनं १९९३च्या सुमारास हा रंग बाजारात आणला. त्यात किरणोत्सार अजिबात नाही. उन्हात किंवा टॉर्चखाली तो उजेड पिऊन घेतो आणि काळोखात सोडतो. दिवा मालवला त्या क्षणी चांगल्या डायव्हर घड्याळाची तबकडी ट्रिटियमपेक्षा कितीतरी जास्त झगझगते. पण हा उजेड झपाट्यानं ओसरतो. पहिल्या काही मिनिटांतच बराच जातो, मग हळूहळू मंदावत राहतो. ट्रिटियम संध्याकाळी सातला जेवढं, पहाटे चारला तेवढंच.

हरिश्चंद्रगडावर किंवा राजमाचीला तंबूत रात्र काढताना हा फरक बघायला मिळतो. कोकणकड्यावर सूर्यास्त बघून, जेवून, नऊला झोपलात. साडेतीनला निघायचं म्हणून मध्ये मध्ये जाग येते. तोवर रंगाच्या घड्याळाचा उजेड अंधुक झालेला असतो. दर्जेदार असेल तर सरावलेल्या डोळ्यांना कसाबसा वाचता येतो, साधं असेल तर नाही. नळ्यांचं घड्याळ तेव्हाच खऱ्या कामाला येतं. एक मात्र खरं, की शेजारच्यानं हेडलॅम्प तोंडावर मारला की दोन्ही घड्याळं सारखीच दिसेनाशी होतात. मग पुन्हा डोळे सरावेपर्यंत थांबायचं.

म्हणजे जास्त उजळ कोणतं हा प्रश्नच अपुरा आहे. किती वाजता, हेही विचारावं लागतं. दिवसभर बाहेर असणाऱ्या आणि रात्री शांत झोपणाऱ्या माणसाला रंगाचं घड्याळ पुरतं आणि ते जास्त वर्षं टिकतं. रात्रपाळीची नर्स, समुद्रावर पहारा देणारा खलाशी, रात्री कडे चढणारा गिर्यारोहक यांच्यासाठी ट्रिटियमचा खर्च सार्थ आहे, असं माझं ठाम मत आहे.

गैरसमज : उन्हात ठेवलं की ट्रिटियम ‘चार्ज’ होतं

ट्रिटियम होत नाही. उन्हानं किंवा अतिनील टॉर्चनं फॉस्फर मात्र थोडा वेळ स्वतःच उजळतो, आणि तो जादा उजेड लवकरच विरतो. त्यावरून हा समज पसरला. दहा वर्षांच्या मंदावलेल्या नळीला कितीही ऊन दाखवलं तरी गेलेला उजेड परत येत नाही.

गैरसमज : पंचवीस वर्षं सारखंच चमकतं, ‘टी २५’ लिहिलंय की!

या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही खिशाला लागतात.

तबकडीवर सहाच्या खाली ‘टी २५’ किंवा जुन्या घड्याळांवर ‘टी’च्या पुढे ‘२५ पेक्षा कमी’ अशी खूण असते. तिचा वर्षांशी काही संबंध नाही. घड्याळात जास्तीत जास्त २५ मिलिक्युरी एवढा ट्रिटियमचा किरणोत्सार आहे, एवढंच ती सांगते. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या नियमांतही एका घड्याळासाठी हीच मर्यादा आहे. त्यातही एका काट्याला ५ आणि तबकडीला १५ मिलिक्युरीपर्यंत.

वर्षांचा हिशेब वेगळा. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३२ वर्षं. म्हणजे दर वर्षी साधारण साडेपाच टक्के ट्रिटियम संपतं. पाच वर्षांनी सुमारे ७५ टक्के उरतं, दहा वर्षांनी ५७, वीस वर्षांनी ३२ आणि पंचविसाव्या वर्षी पाव. ही झाली वायूची गोष्ट. बीटा कणांचा मारा खाऊन फॉस्फरही थकतो, त्यामुळे प्रत्यक्ष उजेड या आकड्यांहून थोडा कमीच धरावा. कंपन्या ‘पंचवीस वर्षांपर्यंत’ म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ, तोवर काहीतरी दिसत राहील, असा असतो. ते खोटं नाही. पण ‘सारखंच चमकेल’ असं कुणी कंपनीनं म्हटलेलं नाही. ते आपण ऐकलं.

उतरता उजेड कळतो मात्र उशिरा. आपला डोळा उजेडातली घट सरळ पट्टीनं मोजत नाही. निम्मा झालेला उजेड त्याला निम्मा वाटत नाही, थोडा मंद वाटतो. शिवाय रोज रात्री तेच घड्याळ बघताना तुलनेला दुसरं काही नसतं. नवं आणि बारा वर्षांचं अशी दोन घड्याळं एकाच काळोख्या खोलीत शेजारी ठेवली की मगच लख्ख कळतं.

गैरसमज : ‘टी १००’ म्हणजे चौपट उजेड

हा आकडा संपूर्ण घड्याळातल्या ट्रिटियमची बेरीज आहे. नळ्या जास्त असतील, जाड असतील, लांब असतील तर बेरीज वाढते. टी १०० घड्याळ बहुधा जास्त उजळ दिसतं हे खरं; पण चौपट नाही, आणि पंधरा वर्षांच्या टी १०० पेक्षा नवं टी २५ जास्त उजवं ठरू शकतं.

गैरसमज : काळोखात चमकतं ते सगळं रेडियम

आपल्याकडे हा समज इतका मुरलाय की गाडीच्या नंबरप्लेटवर चिकटवायच्या पट्टीलाही रेडियम म्हणतात. ती पट्टी तर नुसता समोरून पडलेला प्रकाश परतवते. बोलण्यापुरतं हे चालून जाईल. पण जुनं घड्याळ हातात घेताना रेडियम, ट्रिटियम आणि आजचा बिनकिरणोत्सारी रंग यांतला फरक माहीत नसणं धोक्याचं आहे, आणि या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो.

रेडियम १८९८ साली मेरी आणि पिएर क्युरी यांनी शोधलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ते झिंक सल्फाइडमध्ये मिसळून घड्याळांच्या तबकड्यांवर लावलं जाऊ लागलं. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात तरुण मुली हा रंग बारीक कुंचल्यानं आकड्यांवर भरायच्या. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून ओला करायला त्यांना शिकवलं होतं. पोटात गेलेलं रेडियम कॅल्शियमसारखं हाडांत जाऊन बसतं. मुलींचे दात पडले, जबडे सडले, कित्येक जणी गेल्या. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी कोर्टात गेल्या आणि १९२८ साली कंपनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. कामाच्या जागी होणाऱ्या आजाराला मालक जबाबदार असतो, हे तत्त्व अमेरिकेत रुजण्यात या मुलींचा मोठा वाटा आहे.

रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. १९४०च्या दशकातल्या तबकडीवरचा रंग आज काळोखात दिसत नाही, कारण त्यातला फॉस्फर जळून गेलाय. रेडियम मात्र जवळजवळ सगळं तिथंच आहे. ऐंशी वर्षांत तीन-चार टक्केच कमी झालं. ‘आता चमकत नाही, म्हणजे निर्धोक’ हा निष्कर्ष त्यामुळे साफ चुकीचा आहे. चोरबाजारातून किंवा आजोबांच्या पेटीतून आलेलं असं घड्याळ बंद काचेत ठेवलंय तोवर ठीक. पण ते उघडून, तपकिरी झालेला आकड्यांवरचा थर चाकूनं खरवडायचा, फुंकर मारायची आणि नवा रंग लावायचा, हे काम आपल्याकडचे घड्याळजी टेबलावर, मास्कशिवाय, त्याच टेबलावर चहा पीत करतात. ती धूळ नाकातोंडात जाते. हौशी संग्राहकांना माझी कळकळीची विनंती आहे, की आपल्या हौसेसाठी त्या कारागिराला हे करायला लावू नका. तो नाही म्हणणार नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

१९६०च्या दशकापासून रेडियमची जागा ट्रिटियम मिसळलेल्या रंगानं घेतली आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्विस घड्याळांत तो चालला. मग सुपर-ल्युमिनोव्हा आला. बंद नळ्यांची घड्याळं हा या सगळ्यातला वेगळा फाटा.

गैरसमज : मनगटावर किरणोत्सारी वस्तू, म्हणजे कॅन्सरला आमंत्रण

ट्रिटियमचा बीटा कण फार दुबळा असतो. हवेत तो जेमतेम सहा मिलिमीटर जातो. नळीची काच ओलांडू शकत नाही आणि त्वचेचा वरचा मृत थरही भेदू शकत नाही. घड्याळ वर्षानुवर्षं मनगटावर असलं तरी त्यापासून शरीराला मिळणारी मात्रा नगण्य असते.

नळी फुटली तर? समजा २५ मिलिक्युरीच्या सगळ्या नळ्या एकदम फुटल्या आणि सगळा वायू एकाच माणसानं श्वासातून घेतला. हे घडणं जवळजवळ अशक्य, तरी हिशेब करू. वायुरूपातला हायड्रोजन शरीरात फारसा शोषला जात नाही, त्यामुळे ही मात्रा सुमारे २ मायक्रोसिव्हर्ट भरते. निसर्गाकडून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे त्याच्या हजार पटींहून जास्त. खिडक्या उघडाव्यात, खोलीतून थोडा वेळ बाहेर जावं, हात धुवावेत, काचेचे कण नुसत्या हातानं गोळा करू नयेत.

एक अपवाद गंभीर आहे. ट्रिटियम जळलं की त्याचं पाणी होतं, आणि ट्रिटियमचं पाणी त्याच्या वायूपेक्षा शरीराला सुमारे दहा हजार पट घातक. म्हणून असं घड्याळ, फुटकं असो की धड, शेकोटीत किंवा कचऱ्याच्या आगीत जाता कामा नये. अमेरिकन लष्करी घड्याळांच्या पाठीवर किरणोत्सारी कचरा म्हणून विल्हेवाट लावण्याची सूचना कोरलेली असते, ती उगीच नव्हे. भारतात अणुऊर्जेच्या वापरातली सुरक्षा मुंबईतल्या अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक परिषदेकडे आहे. परदेशातून असं घड्याळ मागवण्याआधी तिचे आणि कस्टमचे चालू नियम बघून घ्यावेत.

गैरसमज : ट्रिटियम सोन्याहून महाग, म्हणून घड्याळ महाग

ट्रिटियम महाग आहेच. ग्रॅमला साधारण ३०,००० डॉलर हा आकडा नेहमी सांगितला जातो. निसर्गात ते अगदी नगण्य. मिळतं ते मुख्यतः अणुभट्ट्यांतून. जड पाण्याच्या अणुभट्टीत त्या पाण्यातल्या जड हायड्रोजननं, म्हणजे ड्युटेरियमनं, एक न्यूट्रॉन गिळला की ट्रिटियम होतं. आपल्या तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टी याच जातीची. कॅनडातल्या डार्लिंग्टनला तर जड पाण्यातून ट्रिटियम वेगळं काढण्याचा खास कारखाना आहे.

पण घड्याळात ते असतं किती? एका ग्रॅम ट्रिटियमचा किरणोत्सार सुमारे ९,६०० क्युरी. त्या हिशेबानं २५ मिलिक्युरी म्हणजे अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास. त्याची किंमत आठ सेंट, आपले सहा-सात रुपये. तुम्ही मोजता ते पैसे बारीक नळी ओढण्याचे, तिला आतून थर देण्याचे, लेझरनं तोंड बंद करण्याचे, परवान्यांचे आणि एकेक नळी तबकडीवर बसवणाऱ्या हातांचे. आणि अर्थात ब्रँडचे.

गैरसमज : जुनं झालं की ट्रिटियमच्या घड्याळाची किंमत वाढते

हा समज जुन्या रोलेक्सच्या लिलावांवरून आला आणि नळ्यांच्या घड्याळांवर उगीच चिकटला. नळ्यांचं बहुतेक घड्याळ क्वार्ट्झचं, कामाचं घड्याळ असतं. लोक ते उजेडासाठी घेतात आणि उजेड तर दर वर्षी उतरतो. बारा वर्षांचं घड्याळ घेणारा माणूस निम्मा उजेड विकत घेत असतो, मग तो कमी पैसे देणार हे रास्तच आहे. नळ्या पुन्हा भरता येत नाहीत, बदलाव्याच लागतात, आणि ते नेहमीच्या घड्याळजीचं काम नव्हे. कंपनीकडे पाठवावं लागतं. तो खर्च घड्याळाच्या किमतीशी ताडून बघावा.

इथं फसगत होते ती न विकल्या गेलेल्या जुन्या मालात. डबा कोरा, पट्टा कोरा, काचेवर प्लास्टिक तसंच, आणि नळ्या आठ वर्षांच्या. दुकानाच्या कपाटातही ट्रिटियम तेवढ्याच वेगानं संपत असतं. त्यामुळे विकत घेताना पहिला प्रश्न उत्पादनाच्या तारखेचा. लष्करी नमुन्याच्या घड्याळांवर महिना आणि वर्ष पाठीवरच कोरलेलं असतं. इतरांचं अनुक्रमांकावरून कंपनीकडून विचारून घ्यावं. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर घेऊ नये.

१९६० ते १९९०च्या दशकांतल्या, ट्रिटियमचा रंग लावलेल्या स्विस घड्याळांची गोष्ट निराळी. तो रंग आता काळोखात दिसत नाही. पन्नास वर्षांत सहा टक्केच ट्रिटियम उरतं. पण वयानं त्याला मलईसारखी किंवा मधासारखी छटा चढते, आणि संग्राहक पैसे मोजतो ते त्या मूळ, अस्पर्श छटेचे. म्हणून ती बनवणारेही भरपूर. ही बनवाबनवी ओळखायला अतिनील टॉर्च कामी येतो : मूळ ट्रिटियमचा रंग टॉर्चखाली उजळतो आणि टॉर्च बंद होताच काही सेकंदांत विझतो. रंग कित्येक मिनिटं चमकत राहिला तर नवा रंग लावलेला आहे, समोरचा काहीही सांगो. तबकडीवरचा आणि काट्यांवरचा रंग वेगवेगळा वागला, तर दोन्हींपैकी एक नंतर बदललेलं आहे.

असं घड्याळ दुरुस्तीला देताना तोंडी सांगण्यावर विसंबू नये. ‘फक्त मशीन साफ करा, तबकडी आणि काट्यांना हात लावू नका, पॉलिश करू नका’ हे चिठ्ठीवर लिहून घड्याळाबरोबर द्यावं, आणि घड्याळ रेडियमचं असण्याची शक्यता असेल तर तेही त्याच चिठ्ठीत ठळक अक्षरांत लिहावं.